चाके वर की खाली?

पवनारला धाम नदीच्या पुलावर उभे राहून पाहिले तर उन्हाळ्यात खडकच अधिक दिसतात, पाणी थोडे. या पात्रात विमान उतरेल अशी कल्पना कोणी मनात आणणार नाही, आणि आणूही नये. याच पवनारहून सप्टेंबर १९५१ मध्ये विनोबाजी पहिल्या पंचवार्षिक योजनेविषयी नियोजन मंडळाशी बोलण्यासाठी दिल्लीस निघाले ते पायी, आणि सुमारे दोन महिन्यांनी तेथे पोहोचले. प्रवासाचा वेग हा मोठेपणाचा निकष म्हणून या गावाने कधी मानलेला नाही. तरीही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा प्रश्न पवनारच्या आणि एकूणच वर्धा जिल्ह्याच्या वाचकाला अगदी परका राहिलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राच्या बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयाने सी-प्लेन सेवेसाठी ज्या ठिकाणांचा विचार बोलून दाखवला, त्यांत शिर्डी, लोणावळा, गणपतीपुळे यांच्या जोडीला नागपूरजवळचे खिंडसी धरण आणि चंद्रपूरचे इरई धरण ही नावे होती. पहिले वर्ध्याच्या ईशान्येस, दुसरे आग्नेयेस. एक ब्रिटिश अमदानीत रामटेक परिसराच्या सिंचनासाठी बांधलेला तलाव, तर दुसऱ्याच्या पाण्यावर चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र चालते.

घोषणा आणि विमान यांच्यात नेहमीच मोठे अंतर असते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. डिसेंबर २०१० मध्ये अंदमानसाठी ‘जल हंस’ ही सेवा जुहूला मोठ्या समारंभाने सुरू झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये जुहू ते पवना धरण असे उड्डाण राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या सहकार्याने सुरू करण्यात आले. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर आणखी एका विमानाची चाचणी झाली. यांपैकी एकही उपक्रम रुजला नाही. तो का रुजला नाही, याची चर्चा बहुधा तिकिटाचा दर, प्रवाशांची संख्या आणि परवान्यांचे कागद यांच्याभोवतीच फिरत राहिली. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु या विमानांच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे की, जो कोणत्याही निविदेत ठळकपणे विचारला जात नाही आणि तिकिटाच्या दरातही दिसत नाही. तो म्हणजे, उतरताना चाके वर आहेत की खाली, हे वैमानिकाला कोण सांगणार?

प्रश्न वरवर पाहता बालिश वाटेल. ज्याच्या हाती विमान आहे त्याला एवढेही कळू नये काय? उत्तर असे की, साध्या विमानात हा प्रश्न बराच सोपा आहे आणि उभयचर विमानात तो स्वभावतःच कठीण आहे. साधे विमान धावपट्टीवरच उतरते. म्हणजे उतरण्याच्या क्षणी चाकांची योग्य स्थिती एकच, खाली. त्यामुळे यंत्रालाही न्याय करता येतो. वेग कमी झाला, इंजिनाचा जोर उतरवला, पंखांच्या झडपा खाली आल्या आणि तरीही चाके पोटातच आहेत, असे दिसताच भोंगा वाजवावा, एवढे साधे तर्कशास्त्र यंत्रात बसवता येते. उभयचर विमानाला मात्र दोन घरे आहेत. त्याच्या पोटाखाली होडीसारखे दोन लांबट फ्लोट असतात आणि त्या फ्लोटांतच चार चाके दडवलेली असतात. धावपट्टीवर उतरताना ती बाहेर हवीत आणि पाण्यावर उतरताना आत. दोन्ही स्थिती योग्य, दोन्ही स्थिती अयोग्य. खाली काय आहे यावर सारे अवलंबून. चाके खाली आहेत हे भोंग्याला कळते, पण खाली सोनेगावची धावपट्टी आहे की खिंडसीचे पाणी, हे त्याला कळत नाही.

आता या दोन चुकांची किंमत पाहावी. धावपट्टीवर चाके न सोडता उतरलेले उभयचर विमान फ्लोटांच्या कण्यावर घासत जाते. ठिणग्या उडतात, पत्रा झिजतो, विमान कंपनीला दुरुस्तीचा खर्च येतो, वैमानिकाला लाज वाटते आणि प्रवासी बहुधा दार उघडून चालत बाहेर पडतात. उलट चाके खाली ठेवून पाण्यावर उतरलेल्या विमानाचे तसे होत नाही. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असते. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चाके पाण्यात शिरली की ती नांगराच्या फाळासारखी रुततात, नाक खाली जाते आणि विमान डोक्यावरून पालथे पडते. क्षणापूर्वी खिडकीतून धरणाचे सौंदर्य न्याहाळणारे प्रवासी पट्ट्याला उलटे लोंबकळत पाण्याखाली असतात. वर कुठे आणि खाली कुठे, दाराची मूठ कोणत्या हाताला, हे त्या काळोखात उमगत नाही. आदळण्याने फारशी इजा न झालेला माणूसही अशा वेळी बुडून मरतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक परिचित गोष्ट दिसेल. दोन चुका नावाने सारख्या, परंतु एकीची किंमत पत्र्यात मोजायची आणि दुसरीची प्राणांत. जेथे चुकांची किंमत इतकी विषम असते, तेथे इशाऱ्याची रचनाही विषम असली पाहिजे. पाण्याच्या बाजूला तिने अधिक कडक, अधिक संशयी असले पाहिजे. प्रत्यक्षात प्रचलित यंत्रणा कशी आहे?

वैमानिकासमोर चार चाकांसाठी दिव्यांच्या दोन जोड्या असतात. चाके आत असली की चार निळे दिवे, बाहेर असली की चार हिरवे. निळा म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे जमीन, असा संकेत. काही विमानांत वैमानिकाला चाके डोळ्यांनी दिसावीत म्हणून आरसाही बसवलेला असतो. याखेरीज एक बोलणारी यंत्रणा असते. उतरण्यापूर्वी वेग ठरावीक मर्यादेखाली आला की ती आवाज देते, चाके वर आहेत, पाण्यावर उतरण्यासाठी. किंवा चाके खाली आहेत, धावपट्टीसाठी. वैमानिकाने बटण दाबून दखल घेईपर्यंत ती हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहते. यंत्र फक्त वस्तुस्थिती सांगते. ती इच्छेशी जुळते की नाही, हे माणसाने ठरवायचे. कल्पना चांगली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. माणूस जे विसरू शकतो ते त्याला मोठ्याने ऐकवणे, यात गैर काहीच नाही.

गोम पुढे आहे. ही यंत्रणा चुकीच्या वेळीच बोलते असे नाही. ती प्रत्येक वेळी बोलते. दिवसातून आठ वेळा विमान उतरले तर आठ वेळा, आणि आठही वेळा बहुधा सारे ठीकच असते. हजेरी घेणाऱ्या मास्तरांना याचा अनुभव असेल. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येक नावासरशी मान वर करून पाहतात. दिवाळीनंतर ‘हजर’ हा आवाज ऐकला की पेन आपोआप पुढच्या नावावर सरकते, आणि मागच्या बाकावरचा मित्र गैरहजर मित्राची हजेरी बिनधोक लावतो. कचेरीतल्या कारकुनाचा ‘पाहिले’ हा शिक्काही त्याच जातीचा. रोज ऐकू येणारा खरा इशारा कालांतराने सभोवतीच्या आवाजाचाच भाग होतो. बोट बटणाकडे जाते. कान कुठे असतात, हे सांगता येत नाही.

इशारा वाजला म्हणजे तो ऐकला गेला असे समजण्याचा काय परिणाम होतो, याचे अत्यंत दुःखद उदाहरण कराचीला २२ मे २०२० रोजी घडले. ते विमान उभयचर नव्हते. लाहोरहून आलेले एअरबस होते. मुख्य वैमानिकाला सतरा हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. विमान ठरल्यापेक्षा फार उंचावरून आणि फार वेगाने धावपट्टीकडे आले. एकदा खाली सोडलेली चाके पुन्हा वर घेतली गेली होती. वैमानिककक्षात इशारे वाजत होते. नियंत्रण मनोऱ्यानेही उंचीबद्दल हटकले होते. तरीही विमान चाकांविना धावपट्टीवर टेकले, दोन्ही इंजिने फरशीवर घासली, विमान पुन्हा हवेत उचलले गेले आणि इंजिने बंद पडून वस्तीवर कोसळले. विमानातील ९९ जणांपैकी ९७ जण गेले, खाली वस्तीतही एकाचा बळी गेला. साध्या विमानात, जेथे योग्य उत्तर एकच असते आणि यंत्र छातीठोकपणे ‘चूक’ असे ओरडू शकते, तेथेही असे होऊ शकते. मग जेथे यंत्र केवळ ‘चाके खाली आहेत’ एवढेच शांतपणे सांगते, तेथे काय होईल?

वर्धा हे रेल्वेचे जंक्शन. येथील वाचकाला या प्रश्नाचे दुसरे उत्तर घराजवळच सापडेल. रेल्वेने फार पूर्वी ओळखले की, माणसाला सावध करण्यापेक्षा त्याची चूक अशक्य करून ठेवणे बरे. सांधे योग्य रुळाकडे वळून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल पडतच नाही. एकेरी मार्गावर चालकाच्या हाती दिला जाणारा गोळा यंत्रातून एका वेळी एकच निघतो. तो हाती नाही तर गाडी हलत नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत मोटरमनने इशाऱ्याची दखल घेतली नाही तर ब्रेक आपोआप लागतात. येथे इशाऱ्यामागे दंडुका उभा आहे. विमानात तसा दंडुका ठेवता येत नाही. हवेत ब्रेक लावून थांबता येत नाही, आणि चाकांना आपोआप कुलूप घालणारे यंत्र बसवले तर इंजिन बंद पडून मिळेल तेथे उतरण्याची वेळ आलेल्या वैमानिकाचे हात तेच यंत्र बांधून ठेवील. म्हणजे रेल्वेचा मार्ग येथे अर्धाच चालण्याजोगा आहे. प्रतिबंध शक्य नाही म्हणून इशाऱ्यावरच भिस्त. आणि इशाऱ्यावरच भिस्त म्हणून तो उत्तम हवा.

याला आक्षेप असा घेतला जाईल की, मालदीवमध्ये शेकड्यांनी अशी उड्डाणे होतात, तेथे हा बागुलबुवा कोणी उभा करीत नाही. उदाहरण फसवे आहे. मालदीवमधील बहुसंख्य जलविमानांना चाकेच नसतात. ती पाण्यावरून उठतात, पाण्यावर उतरतात आणि पाण्यावरच मुक्काम करतात. चाके नाहीत म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून प्रवासी जास्त, आणि चाकांची चूक होण्याचा प्रश्नच नाही. १९३८ च्या सुमारास इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे तलाव आणि नद्या गाठत कलकत्त्याला जात. त्यांच्या वैमानिकांनाही ही विवंचना नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू होऊन एप्रिल २०२१ मध्ये थांबलेल्या साबरमती–केवडिया सेवेची दोन्ही टोके पाण्यावरच होती; मात्र तिचे विमान देखभालीसाठी वरचेवर मालदीवला न्यावे लागे, ही त्याची दुसरी बाजू.

विदर्भात हे चालणार नाही. इंधन, दुरुस्ती, सुरक्षा तपासणी आणि बाहेरून येणारा प्रवासी हे सारे सोनेगावच्या विमानतळावर आहे. पाणी आहे खिंडसीला आणि इरईला. म्हणून येथे विमान हवे ते चाकांचेच, आणि प्रत्येक फेरीत चाकांची स्थिती बदलावीच लागणार. जमिनीवरून उठा, चाके आत घ्या, पाण्यावर उतरा, पाण्यावरून उठा, चाके बाहेर काढा, जमिनीवर उतरा. त्यात अंतर किती? सोनेगाव ते खिंडसी सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरत नाही. ताशी अडीच-तीनशे किलोमीटर जाणारे लहान विमान ते दहा-बारा मिनिटांत कापते. या अवधीत उड्डाणानंतरची कामे, नियंत्रण कक्षाशी बोलणे, तलावावरच्या होड्या व पक्षी पाहणे, वाऱ्याची दिशा ठरवणे आणि उतरण्याची तयारी हे सारे उरकायचे. अशा अपघातांच्या अहवालांत एक कथा पुन्हा पुन्हा आढळते. वैमानिक धावपट्टीवरून उडाला, काही कारणाने लक्ष विचलित झाले आणि चाके आत घ्यायची राहून गेली. प्रवास छोटा होता, आणि चाके आत घेतलीच आहेत अशा समजुतीत तो पाण्यावर उतरला. ही कथा लांबच्या प्रवासात क्वचित घडते, कारण बाहेर राहिलेली चाके वेग खातात आणि ते ध्यानात यायला तेथे अवधी असतो. दहा मिनिटांच्या फेरीत तो नसतो. विदर्भातील नियोजित मार्ग या चुकीला जणू निमंत्रण देणारे आहेत. जुहू–पवना मार्गही त्याच प्रकारचा होता.

आता पैशाकडे वळू, कारण अखेर निविदा पैशाची असते. ‘उडान’ योजनेत तोट्यातल्या मार्गांसाठी विमान कंपनीला तफावत निधी दिला जातो. त्याचा मोठा भाग इतर विमान प्रवाशांवरील आकारणीतून येतो आणि साधारणतः वीस टक्के वाटा राज्य सरकार उचलते. म्हणजे ज्याने आयुष्यात विमान आतून पाहिले नाही असा पवनारचा शिक्षकही या सेवेचा एक धनी ठरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सी-प्लेनसाठी नव्या निविदा निघाल्या आणि नियम अधिक सुटसुटीत करण्यात आले. सुटसुटीतपणाला विरोध करण्याचे कारण नाही. परवान्यांच्या जंजाळाने या देशात पुष्कळ उद्योग मारले आहेत. परंतु निधी कमीत कमी कोण मागतो, यावर मार्ग द्यावयाचा झाला की प्रत्येक कंपनी न दिसणाऱ्या खर्चाला प्रथम कात्री लावते. आसनाचे कापड फाटलेले असेल तर प्रवाशाला दिसते. इशाऱ्याची यंत्रणा जुनी आहे की नवी, वैमानिकाने पालथ्या विमानातून बाहेर पडण्याचा सराव केला आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. विक्रेत्याला माहीत आणि ग्राहकाला अज्ञात अशा गुणाला बाजारात भाव मिळत नाही, हे अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. तेव्हा हे काम बाजारावर सोपवता येणार नाही. जो पैसा देतो त्यानेच अट घातली पाहिजे, आणि येथे पैसा सरकार देते.

अटी अवघड नाहीत. अलीकडे लेसरच्या साहाय्याने खाली पाणी आहे की जमीन हे स्वतः ओळखणारी यंत्रणा निघाली आहे. ती बसवली म्हणजे जे यंत्र आजवर केवळ वस्तुस्थिती सांगत होते ते पुन्हा न्याय करू लागते. सारे ठीक असेल तर तिने फार बोलू नये, आणि पाण्यावर चाके खाली दिसली तर गप्प राहू नये. तीही चुकणार नाही असे नाही. कोणतेच यंत्र तसे नसते. परंतु क्वचित आणि कारणानेच ओरडणाऱ्या आवाजाकडे माणूस मान वळवतो. कोट्यवधी रुपयांच्या विमानाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. या खर्चाने मार्ग तोट्यात जातो असे जी कंपनी म्हणेल, तिचा मार्ग मुळातच तोट्यात आहे असे खुशाल समजावे.

दुसरी अट यंत्राची नव्हे, माणसाची आहे. अनुभवी उभयचर वैमानिक उतरण्यापूर्वी बोटाने एकेक चाक दाखवत मोठ्याने म्हणतात, हे पाण्यावरचे उतरणे आहे, चाके वर आहेत, एक, दोन, तीन, चार. गंतव्य आणि चाके यांची सांगड जिभेने घातली जाते; केवळ बटण दाबण्यात ती नसते. बटणाऐवजी वैमानिकाने ‘पाणी’ किंवा ‘जमीन’ असा शब्द उच्चारावा आणि तो ध्वनिमुद्रित व्हावा, असा नियम करता येईल. त्या नोंदी दर महिन्याला तपासल्या जाव्यात, अपघात झाल्यावर नव्हे. थांबत नाही तो व्यवसाय, हा धंद्याचा मंत्र असला तरी दिवसाच्या सहाव्या-सातव्या फेरीत माणूस थकतो. तेव्हा एका वैमानिकाने दिवसात पाण्यावर किती वेळा उतरावे यालाही मर्यादा हवी. जहाजवाहतूक मंत्रालय, नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि राज्याचे पर्यटन खाते यांनी हे काम एकमेकांकडे टोलवण्याची शक्यता आहे, म्हणून निधीच्या करारावर सही करणाऱ्या खात्यावरच ते सोपवावे.

तिसरी अट सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच बहुधा सर्वांत उपेक्षित. उड्डाणापूर्वी प्रवाशांना पट्टा कसा बांधावा आणि जीवरक्षक जाकीट कोठे आहे हे सांगितले जाते. त्यातच मराठीतून आणखी दोन वाक्ये घालता येतील. आपण पाण्यावर उतरणार आहोत, तेव्हा समोर चार निळे दिवे असले पाहिजेत. हिरवे दिसले तर मोठ्याने सांगा. वैमानिकाच्या शेजारी किंवा मागे बसलेल्या प्रवाशाला ते दिवे दिसतात. त्याला विमानविद्येतले काही कळण्याची गरज नाही, निळा आणि हिरवा एवढे कळले की पुरे. वैमानिकाला याचा राग येईल, असे कोणी म्हणेल. येऊ द्यावा.